कलमतराशाची मूठ : घडण, दुरुस्ती व खर्च

एखादें जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे आपण प्रथम रुमाल सोडतों, कागदांच्या घड्या उलगडतों, आणि त्याच पेटींत पडलेलीं कलमदान, दौत व चाकू हीं बाजूस ठेवितों. पुढें सवड झाली म्हणजे चाकू कारागिराकडे जातो व नवी मूठ लेवून परत येतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या परिचयाच्या तीन संग्राहकांनीं 'मूठ कोणत्या रीतीनें बसवावी व तीस काय खर्च पडतो' असा प्रश्न आम्हांस केला. त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे. रुपयांत पाहतां खर्च फार नाहीं. परंतु रुपयांखेरीज आणखी एक किंमत द्यावी लागते. ती आम्ही स्वतः एकदां देऊन चुकलों आहों.

१. कलमतराश हा शब्द फारशी. कलम तासणारा तो कलमतराश. बोरूचें टोंक लिहितां लिहितां झिजतें व फुलतें. तें वेळोवेळीं तासून तिरपें छाटलें नाहीं तर अक्षराची जाडबारीक रेघ बिघडते. म्हणून कारकुनास दौतीइतकाच हा चाकूही अवश्य असे. रघुनाथपंडितांच्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग व लेखनवर्ग असे दोन निराळे वर्ग आहेत. हा चाकू घडणीनें पहिल्या वर्गाचा व कामानें दुसऱ्या वर्गाचा. त्यामुळें शस्त्रें जमविणारे व कागद जमविणारे या दोघांच्याही नजरेंतून तो सहज निसटतो.

संस्कृतांत मुठीस त्सरु म्हणतात. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराच्या प्रकरणीं त्सरूंसाठीं पांच द्रव्यें सांगितलीं आहेत : गेंड्याचें शिंग, म्हशीचें शिंग, हत्तीचा दांत, लांकूड व वेळूचें मूळ. आमच्या पाहण्यांतील चाकूंच्या मुठी बहुधा म्हशीच्या शिंगाच्या, शिसवीच्या किंवा हाडाच्या आहेत. हाड वगळलें तर कारागिराचें साहित्य कौटिल्याच्या यादीबाहेर फारसें गेलेलें दिसत नाहीं.

२. मूठ बसविण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिल्या रीतींत पात्याचा मागील भाग निमुळता असतो. तो अखंड मुठीच्या भोंकांत घालून वितळलेल्या लाखेनें पक्का करितात. तलवारींच्या मुठीही याच रीतीनें लाखेवर बसविलेल्या असतात. दुसऱ्या रीतींत हा मागील भाग मुठीइतकाच रुंद व लांब ठेवितात, त्याच्या दोन्ही बाजूंस शिंगाची वा लांकडाची एकेक पट्टी लावितात, आणि तिन्हींतून आरपार खिळे घालून त्यांचीं टोंकें ठोकून पसरवितात. पेशकब्जाची मूठ पुष्कळदां अशीच असते. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या रीतीचाच विचार केला आहे. कारण पट्ट्या बदलणें सोपें, आणि सोपें म्हणूनच तें वारंवार घडतें.

पट्ट्या निकामी होण्याचीं कारणें तीन आहेत. लोखंडी खिळा गंजला कीं फुगतो व पट्टीस भोंकापासून चीर पाडतो. लांकूड व शिंग हवेप्रमाणें आकसतें व फुगतें, लोखंड तसें करीत नाहीं. त्यामुळें मध्यें फट पडते व तींत घाम आणि धूळ सांचून गंज वाढतो. तिसरें कारण शिंगास लागणारी कीड. पुस्तकांस जशी कसर, तशीच शिंगास ही कीड. संग्राहकांस तिचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं.

३. आमच्या शहरांत असे चाकू जुन्या घरांतून निघतात, यांत नवल नाहीं. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली. औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारींत तिचें औरंगाबाद झालें. १७६३ पर्यंत निजामाची राजधानी येथेंच होती. २०२३ पासून शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर आहे. फारशी लिहिणारा मुनशी व मोडी लिहिणारा कारकून हे दोघेही येथें नांदले. हातकागदासाठीं प्रसिद्ध असलेलें कागजीपुरा हें गांव दौलताबादेहून खुलदाबादेस जाणाऱ्या वाटेवर आहे. जेथें कागद व लेखणी तेथें कलमतराश हा असावयाचाच. मात्र एवढ्यावरून शहरांत सांपडलेला प्रत्येक चाकू येथेंच घडला असें म्हणतां येत नाहीं. पातें एका गांवचें, मूठ दुसऱ्या गांवची व धनी तिसऱ्या गांवचा असें सहज होऊं शकतें.

४. आतां आमची चूक. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं, शाळेंत नोकरीस असतांना, घरांतील एक कलमतराश आम्हीं एका कारागिराकडे दिला. उजवी पट्टी तडकली होती, डावी शाबूत होती. आठ दिवसांनीं चाकू परत आला तो दोन नव्या चकचकीत पट्ट्या लेवून. जुन्या कोठें आहेत असें विचारण्याचेंही आम्हांस सुचलें नाहीं. त्या केरांत गेल्या. पातेंही घासून आरशासारखें केलें होतें, व मुठीजवळचा जो अस्पष्ट ठसा आम्हीं लहानपणीं बोटानें चांचपीत असूं, तो नाहींसा झाला होता. दोष कारागिराचा नव्हे. त्यास चाकू नीट करून हवा होता असेंच आम्हीं सांगितलें होतें व त्यानें तो नीट केला. आज कोणी त्या मुठीचा काळ विचारला तर '३५ वर्षें' एवढेंच उत्तर आम्हांपाशीं आहे.

दुसरा कलमतराश गेल्या वर्षीं एका दप्तराबरोबर आला. त्याचीही एक पट्टी अर्धी गेलेली, दुसरी धड. या वेळीं आम्ही कारागिराजवळ बसून राहिलों. प्रथम दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं व मुठीची आकृति कागदावर उतरून तींत खिळ्यांच्या जागा दाखविल्या. पात्यास फडकें गुंडाळून मूठ हळूहळू ऊन केली. जुनी लाख मऊ झाली. खिळे ओढून न काढतां त्यांचें एकेक पसरलेलें टोंक कानशीनें घासून टाकिलें व ते मागून बारीक सुंभ्यानें ढकलून काढिले. धड पट्टी अलग झाली तेव्हां तिच्या व लोखंडाच्या मध्यें फट भरण्यासाठीं घातलेली हातकागदाची एक घडी निघाली. तिजवर मोडींत कांहीं आंकडे आहेत व 'बाकी' हा एक शब्द स्पष्ट लागतो.

या घडीवरून काय सिद्ध होतें तें नेमकें सांगितलें पाहिजे. पट्टी शेवटची बसविली तेव्हां बसविणाऱ्याच्या हाताशीं मोडी हिशेबाची रद्दी होती, एवढेंच सिद्ध होतें. पात्याचा काळ तिजवरून ठरत नाहीं, धन्याचें नांवही कळत नाहीं. परंतु पहिल्या चाकूच्या बाबतींत एवढेंही सांगण्याची सोय आम्हीं ठेविली नाहीं. पातें व मूठ हे दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत, व त्यांचा काळ निरनिराळा पाहिला पाहिजे. पोथीचे जुने पुठ्ठे फेंकून नवी बांधणी करणाऱ्यास आपण दोष देतों. मुठीच्या बाबतींत मात्र तेंच आपण हौसेनें करितों.

५. खर्च. या दुसऱ्या चाकूस आम्हांस पडलेला खर्च असा : म्हशीच्या शिंगाची एक पट्टी २०० रुपये, खिळ्यांसाठीं पितळेची तार ६० रुपये, लाख, राळ व घासण्याचा कागद ९० रुपये, कारागिराची दोन दिवसांची मजुरी १,६०० रुपये, एकूण १,९५० रुपये. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दोन्ही पट्ट्या नव्या केल्या असत्या तर साहित्याचे २०० रुपये अधिक लागले असते, पण मजुरी कमी झाली असती. कारण जुनीच्या जाडीशीं व उताराशीं नवी जुळविण्यांतच वेळ जातो. कारागीर आम्हांस म्हणाला, "मास्तर, दोन्ही नव्याच करून टाका, जोड चांगली दिसेल, अन् तुमचे पैसेही वाचतील." त्याचा हिशेब बरोबर होता. बहुतेक जुन्या पट्ट्या या बरोबर हिशेबामुळेंच नाहींशा होतात. तेव्हां संग्राहकानें जुनी पट्टी राखण्यासाठीं कांहीं अधिक द्यावें लागेल हें आधींच मनाशीं धरावें व कारागिरास तसें स्पष्ट सांगावें.

६. हस्तिदंताविषयीं दोन शब्द. 'जुन्यास जुनेंच शोभतें' म्हणून हस्तिदंती पट्टी शोधणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ मध्यें ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनीं देशी व आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद केला आहे. गेंड्याच्या शिंगाची गोष्ट बोलावयासच नको. कौटिल्याच्या पांच द्रव्यांपैकीं म्हशीचें शिंग, लांकूड व वेळूचें मूळ हीं तीन उरतात, व तीं पुरेशीं आहेत. दुरुस्तीची पट्टी मुळाहून किंचित् वेगळी दिसली तर उत्तमच. पुढील अभ्यासकाची फसवणूक होत नाहीं.

७. सारांश, कारागिराकडे चाकू देण्यापूर्वीं पुढील गोष्टी सांगाव्या. धड पट्टी बदलूं नये. लोखंडास नवें भोंक पाडूं नये. खिळे जुन्याच भोंकांतून जावे. रासायनिक गोंद वापरूं नये. लाखच वापरावी, म्हणजे पुढें कोणास मूठ उघडावयाची झाल्यास ती ऊन करून उघडतां येईल. शिंगावर खिळा ठोकतांना हात हलका असावा, नाहींतर नवी पट्टीही तडकेल. पातें घासूं नये, चिंच लावूं नये; मोकळा गंज फडक्यानें पुसून तेलाचा हात द्यावा. काढलेला प्रत्येक तुकडा, खिळे व आंतील कागद किंवा चिंधी एका पाकिटांत घालून त्यावर तारीख लिहावी, व तें पाकीट चाकूबरोबरच ठेवावें. नव्या पट्टीच्या आंतल्या अंगास दुरुस्तीचें वर्ष कोरावें. आम्हीं तसें कोरविलें. त्यास कारागिरानें निराळे पैसे घेतले नाहींत.

ज्या वाचकांच्या संग्रहीं अशा चाकूच्या सुट्या झालेल्या पट्ट्या असतील त्यांनीं त्यांच्या आंतल्या बाजू एकवार पाहाव्या व कांहीं अक्षर आढळल्यास त्याचा ठसा घेऊन मंडळाकडे पाठवावा, अशी विनंती आहे. चांगल्या बसलेल्या मुठी मात्र केवळ कुतूहलानें उघडूं नयेत.