पन्नास वाव खोल पाण्यातलं घड्याळ

दोस्तांनो, घरातलं एखादं मनगटी घड्याळ उलटं करून पाहा बरं! मागच्या झाकणावर बारीक अक्षरांत 'वॉटर रेझिस्टंट' असं कोरलेलं असेल. शेजारी ३०, ५० किंवा १०० मीटर असा आकडाही असेल. म्हणजे ते घालून ३० मीटर खोल पाण्यात उडी मारायची का? छे, छे! ३० मीटरवालं घड्याळ हात धुताना उडालेलं पाणी सोसतं, इतकंच. पोहायला जायचं तर निदान ५० किंवा १०० मीटरवालं हवं. आणि खरोखर समुद्रात बुडी मारायची असेल तर? त्यासाठी घड्याळांची एक वेगळीच जात आहे. तिचं नाव डाइव्ह वॉच, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ.

या जातीतल्या चार नामांकित घड्याळांची आज आपण शर्यत लावू या. चौघांच्याही किमती लाखांत आहेत. पण आई-बाबांनी घाबरायचं कारण नाही, आपल्याला काही विकत घ्यायचं नाही! एवढे पैसे मोजल्यावर पाण्याखाली खरं कामाला येतं ते कोणतं, इतकंच पाहायचं आहे.

हवा संपली!

गोष्ट आहे १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. स्वित्झर्लंडच्या ब्लाँपाँ या घड्याळ कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. एकदा दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात ते खाली इतके रमले, की किती वेळ झाला याचं भानच राहिलं नाही. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपली आणि त्यांना घाईघाईनं वर यावं लागलं.

यात एक मोठा धोका असतो. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. माणूस झटकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे शरीरात तयार होतात. त्यानं जीवही जाऊ शकतो.

फिश्टर बचावले आणि कामाला लागले. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे रोबेर मालुबिये आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ शोधत होते. १९५३ मध्ये ब्लाँपाँचं 'फिफ्टी फॅदम्स' तयार झालं. फॅदम म्हणजे आपला वाव! दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्स कंपनीचं 'सबमरिनर'ही १९५३ मध्येच तयार झालं.

कड्याची करामत

या घड्याळांच्या तबकडीभोवती एक फिरतं कडं असतं. त्याला बेझेल म्हणतात. त्यावर ० ते ६० मिनिटांच्या खुणा असतात आणि शून्यापाशी एक त्रिकोण. पाण्यात शिरताना कडं फिरवून हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर येईल, तितकी मिनिटं झाली. ना वजाबाकी, ना बेरीज!

पण खडकाला हात घासला आणि कडं सरकलं तर? म्हणूनच फिफ्टी फॅदम्सचं कडं दाबल्याशिवाय फिरत नसे. आजच्या घड्याळांत त्याहून सोपी युक्ती आहे. कडं एकाच दिशेनं फिरतं, काट्यांच्या उलट. त्यामुळे धक्का लागला तरी झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो. फार तर काय होईल? पाणबुड्या थोडा लवकर वर येईल! कडं दुसऱ्या दिशेनं सरकलं असतं, तर '२० मिनिटं झाली' म्हणून तो निवांत राहिला असता आणि हवा मात्र संपत आली असती. यंत्र चुकलं तरी माणूस वाचला पाहिजे, हा या कड्याचा धडा.

तांदळाची चार पोती

मालवण-तारकर्लीला जाऊन कुणी स्कूबा केलं असेल, तर त्याला विचारा. थोडं खाली गेलं की कानांना दडे बसतात. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. ३०० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३० किलो भार येतो. घड्याळाची काच ३ सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिच्यावर झाले दोनशेहून अधिक किलो. म्हणजे तांदळाची ५० किलोची चार पोती त्या एवढ्याशा काचेवर!

डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. घड्याळावर लिहिलेल्या खोलीच्या दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबात ते तपासावं लागतं. शिवाय अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे.

चार पैलवान आखाड्यात

रोलेक्स सबमरिनर: २०२० मध्ये आलेला नमुना ४१ मिलिमीटरचा, ३०० मीटरपर्यंत चालणारा. एकदा पूर्ण चावी बसली की ७० तास चालतो. पट्टा हातानंच थोडा-थोडा सैल-घट्ट करता येतो. पण कड्यावर अंधारात चमकतो तो एकच ठिपका.

ओमेगा सीमास्टर डायव्हर ३०० एम: १९९५ च्या चित्रपटापासून जेम्स बाँडच्या मनगटावर दिसलेलं हे घड्याळ. तबकडीवर लाटांची नक्षी, आणि चुंबकाला तर हे दादच देत नाही. पण कड्याची कड नागमोडी आहे. ओल्या हातमोज्यात ती निसटते असं अनेकांचं म्हणणं आहे. कड्यावर चमकणारा ठिपका इथेही एकच.

ब्लाँपाँ फिफ्टी फॅदम्स: मूळ पुरुषाचा आजचा वारस. २००७ पासूनचा नमुना पाच दिवस चालतो. नीलमण्याच्या काचेखाली कड्यावरच्या सगळ्या खुणा चमकतात. पण ४५ मिलिमीटर म्हणजे मनगटावर वाटीच! पुढे लहान आकारही निघाले. किंमत मात्र चौघांत सर्वांत चढी.

ट्यूडर पेलागोस: ट्यूडर म्हणजे रोलेक्सची धाकटी बहीण. २०१२ मध्ये आलेलं हे घड्याळ ५०० मीटरचं. टायटॅनियम धातूचं, म्हणून पोलादापेक्षा हलकं आणि खाऱ्या पाण्यात न गंजणारं. तबकडीला झळाळी नाही, काटे जाड चौकोनी. कड्यावरच्या सगळ्या खुणा अंधारात चमकतात.

माझा कौल

माझं मत पेलागोसला! एक कारण वर आलंच: ज्या कड्यावर जीव अवलंबून, ते अंधारात पूर्ण दिसलं पाहिजे. दुसरं कारण पट्ट्यात लपलंय. पाणबुड्यांचा रबरी पोशाख बारीक बुडबुड्यांनी भरलेला असतो. खोल गेलं की दाबानं तो चेपतो, पातळ होतो आणि घड्याळ मनगटावर सैल होऊन फिरू लागतं. पेलागोसच्या पोलादी नव्हे, टायटॅनियमच्या पट्ट्यात स्प्रिंग आहे. पोशाख चेपला की पट्टा आपोआप आवळतो, वर येताना सैल होतो. हे ज्यानं सुचवलं, त्यानं पाण्यातल्या माणसाचा विचार केला!

दोष नाहीत असं नाही. टायटॅनियमवर चटकन चरे पडतात. आणि एक गोष्ट आई-बाबांसाठी: आजचे पाणबुडे खोली आणि वेळ मोजायला छोटा डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात. घड्याळ असतं ते जोडीला, कॉम्प्युटर बंद पडलाच तर. लाखांची कितीतरी डाइव्ह वॉचेस नळाखालच्या पाण्यापलीकडे जातच नाहीत!

करून पाहा

टेबलावर आडवं ठेवलेल्या घड्याळाभोवती बसेल असं पुठ्ठ्याचं कडं कापा. त्यावर पाच-पाच मिनिटांच्या बारा खुणा करा, शून्यापाशी त्रिकोण काढा. गणितं सोडवायला बसताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणा. दहा मिनिटांनी धाकट्या भावंडाला हळूच धक्का द्यायला सांगा, आधी एका दिशेनं, मग दुसऱ्या. कोणत्या धक्क्यानं जास्त वेळ झाल्यासारखा दिसला? आता सांगा, समुद्रात असता तर कोणता धक्का तुम्हाला परवडला असता?