अंबरनाथचं देऊळ बांधणाऱ्यांचं राज्य का बुडालं?

अंबरनाथच्या वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या माम्वाणी राजाचं नाव आहे. उल्हासनगर-बदलापूरकडून रोज गाडीने ठाण्याला जाणाऱ्यांची गंमत अशी, की ते नकळत शिलाहारांच्या जुन्या राजधानीकडेच निघालेले असतात. तेव्हा ठाण्याचं नाव होतं श्रीस्थानक.

शिलाहार मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक. 10व्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रकूट गेले आणि डोक्यावरचं छत्रही गेलं. राज्याची भिस्त बंदरांवर होती: ठाणे, सोपारा, चौल. जकातीने तिजोरी भरायची, पण त्याच बंदरांवर शेजाऱ्यांचा डोळा. दक्षिणेकडून गोव्याचे कदंब, उत्तरेकडून गुजरातचे चालुक्य. चालुक्य राजा कुमारपालाच्या सैन्याशी लढताना 12व्या शतकात मल्लिकार्जुन हा शिलाहार राजा मारला गेला. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मागे सरकायला जागा नव्हती, हे माझ्या मते खरं दुखणं.

शेवटचा घाव घाटावरून आला. 1265 च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने हत्तींच्या फौजेसह स्वारी केली. शिलाहारांचा सोमेश्वर राजा जहाजांवरून समुद्रात गेला. यादवांची जहाजं तिथेही पोहोचली आणि तो बुडून मेला. हेमाद्रीने तर लिहून ठेवलं, की महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे सागरातला अग्नी, बरा वाटला. (हेमाद्री यादवांचाच मंत्री, तेव्हा टोमणा मारणारच.) बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्हवत्या जहाजांची लढाई कोरली आहे, अनेक अभ्यासक ती याच प्रसंगाशी जोडतात.