गुरुजींची परीक्षा

शिरूरच्या आमच्या जुन्या घरात, देवघराशेजारच्या फडताळात, आजोबांचे एक प्रमाणपत्र अजून जपून ठेवलेले आहे. व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्याचे. सातवीच्या अखेरीस होणाऱ्या या परीक्षेला इंग्रजी अमदानीत मोठा मान होता. फायनल पास झालेला मुलगा तलाठी होई, नाहीतर मास्तर. आजोबा मास्तर झाले. ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेन्ड’ झाले ते नोकरी लागल्यावर काही वर्षांनी. विषय येतो का, एवढे आधी पाहायचे, वर्ग हाती द्यायचा, आणि शिकवायचे कसे ते सवडीने शिकवायचे, असा त्यांच्या वाट्याला आलेला क्रम होता.

मी स्वतः बावीस वर्षे एका अध्यापक विद्यालयात गणित शिकवले. निवृत्त झालो तेव्हा वाटले होते की परीक्षांशी आपला संबंध संपला. पण गेल्या सप्टेंबरपासून दर रविवारी न्हावरे-चौफुला रस्त्याने मी दौंडला जातो. तिथे बारा-पंधरा शिक्षक जमतात. कुणाची नोकरी वीस वर्षांची, कुणाची पंचवीस. या सगळ्यांना आता टीईटी द्यायची आहे.

ही वेळ का आली, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या १ एप्रिलला अंमलात आला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पदविका किंवा पदवीबरोबरच शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. प्रश्न १५०, गुण १५०, वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. हिच्या शेजारी ‘टेट’ नावाची दुसरी परीक्षा आहे: अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, २०१७ पासूनची. नावे जवळजवळ सारखी, कामे वेगळी. टीईटी दारातून आत सोडते. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून नेमणुकीचा क्रम लागतो.

जुन्या शिक्षकांना वाटत होते की हे सारे नव्यांसाठी आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण परीक्षेशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. २०२५ ची परीक्षा २३ नोव्हेंबरला झाली. त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत अनेक गुरुजींच्या घरी फराळाच्या डब्याशेजारी प्रश्नसंच उघडा दिसला.

आमच्या वर्गात वस्तीशाळेवरच्या एक बाई आहेत. ऊसतोडीच्या हंगामात त्यांच्या पटावर कोपीवरची मुले येतात आणि हंगाम सरला की जातात. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, “सर, एका प्रश्नाला एक मिनिट. माझं वाचण्यातच जातं.” मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. पण त्याच दिवशी मी फळ्यावर विचारले, तीन अष्टमांश मोठा की दोन पंचमांश? खोलीतल्या निम्म्या लोकांनी तीन अष्टमांश सांगितले. त्यात बाईही होत्या. हा अपूर्णांक उद्या कुणाच्या तरी वहीत चुकीचा जाणार आहे. ज्या मुलाच्या घरी ती चूक दुरुस्त करणारे कुणी नाही, त्याला तो शिक्षक बदलून मिळत नाही. म्हणून ‘अनुभव आहे, परीक्षा कशाला’ हे म्हणणे मला पटत नाही.

मग परीक्षेने काय तपासावे? अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कॅलिफोर्नियातली १८७५ ची शिक्षक-परीक्षा उलगडून दाखवली. तिच्या १,००० गुणांपैकी अध्यापनशास्त्राला फक्त ५० होते. उरलेले सारे विषयज्ञान. शंभर वर्षांनी पारडे उलटे झुकले आणि विषय मागे पडला, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे म्हणणे असे की या दोन्हींच्या मध्ये शिक्षकाचे खास असे तिसरे ज्ञान असते. विषय मुलाला कुठे अडतो आणि कसा सांगितला की सुटतो, याचे.

उदाहरण साधे आहे. ५२ वजा २७ किती, हा विषयज्ञानाचा प्रश्न. मुलाने उत्तर ३५ लिहिले, त्याने काय केले असेल, हा शिक्षकाचा प्रश्न. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून दोन, पाचातून दोन. मिशिगन विद्यापीठातल्या हिल, रोवन आणि बॉल यांनी असे प्रश्न तयार करून शिक्षकांना विचारले. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की यात सरस ठरलेल्या शिक्षकांच्या पहिली-तिसरीच्या मुलांची गणितातली प्रगती अधिक होती. त्यांचे बरेचसे प्रश्न पर्यायीच होते. म्हणजे दोष पर्यायी प्रश्नांच्या पद्धतीत नाही. काय विचारतो यात आहे.

आपल्याकडची खरी अडचण मात्र परीक्षेच्या आधीची आहे. टीईटीचा निकाल बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली लागला आहे. ही परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. आणि डी.एड.ची, आताच्या डी.एल.एड.ची, पदविका परीक्षा घेणारीही हीच परिषद. मुलगा दोन वर्षे शिकतो, ‘शिक्षक होण्यास योग्य’ असा कागद घेऊन बाहेर पडतो आणि पुढच्या दाराशी त्याला ‘अपात्र’ म्हटले जाते. दोन्ही कागद एकाच परिषदेचे. यातला एक निकाल खोटा असला पाहिजे, किंवा दोन्ही निरनिराळ्या गोष्टी मोजत असले पाहिजेत. यात मी स्वतःलाही सोडत नाही. आमच्या विद्यालयात पाठ-टाचणे सुबक असली की गुण मिळत. अपूर्णांक येतो का, हे आम्ही गृहीत धरत असू.

दार अरुंद आणि नोकरी दुर्मीळ असली की चोरवाटाही निघतात. २०१९ च्या टीईटीतील गैरप्रकार पुणे सायबर पोलिसांनी २०२१ च्या अखेरीस उघड केला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या वर्षी प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. परीक्षेवरचा विश्वास गेला की तिचे सारे कामच जाते.

यावर करण्यासारखे फार अवघड नाही. प्रत्येक अध्यापक विद्यालयातल्या किती जणांनी टीईटी पार केली, हे दरवर्षी जाहीर व्हावे. म्हणजे निकालाची जबाबदारी एकट्या उमेदवारावर राहणार नाही. अनुत्तीर्णाला नुसती बेरीज न देता, कोणत्या घटकात तो कच्चा आहे ते कळवावे. आणि कार्यरत शिक्षकांची ही दोन वर्षे नुसती मुदत म्हणून जाऊ नयेत. त्यांत तालुक्याला शिकवणी असावी, सरकारच्या खर्चाने.

गेल्या रविवारी मी ३५ लिहिलेली ती वजाबाकी फळ्यावर मांडली. तरुण शिक्षक ‘चूक’ म्हणून मोकळे झाले. बाई म्हणाल्या, “त्यानं दशक सोडवलाच नाही सर. त्याला काड्यांचा गठ्ठा हातात द्यायचा, आपोआप सोडतो.” मग पर्स उघडून त्यांनी वही काढली आणि स्वतःच्या अपूर्णांकांची गणिते मला तपासायला दिली. दहापैकी सात बरोबर होती.