कुळांचा कैवारी काउंट

मेइजी सरकारने १८७१ मध्ये जपानातील जुनी संस्थाने खालसा केली आणि १८८४ मध्ये त्याच संस्थानिकांना नवे किताब बहाल करून पाश्चात्त्य धर्तीचा सरदारवर्ग निर्माण केला. क्यूशू बेटावरील कुरुमे संस्थानचे अधिपती असलेल्या आरिमा घराण्यास काउंट हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या घराण्यात योरियासू यांचा जन्म झाला. ज्या घराण्याचे वैभव पिढ्यान्‌पिढ्या रयतेच्या भातावर पोसले गेले, त्याच घराण्याच्या या वारसाने शेतीशास्त्राचा अभ्यास पत्करला आणि शेतकी खात्याच्या दप्तरात नोकरी धरली, हे त्या काळी सामान्य नव्हते.

तेव्हाच्या जपानात कुळाने पिकविलेल्या भातापैकी सुमारे निम्मा हिस्सा खंड म्हणून जमीनमालकाच्या कोठारात जाई, आणि मालकाची मर्जी फिरली की कूळ बेदखल होई. कागावा तोयोहिको व सुगियामा मोतोजिरो यांनी १९२२ मध्ये शेतकरी संघ स्थापन केला, तेव्हा त्या चळवळीस आरिमांचे पाठबळ लाभले. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी रात्रशाळा चालविली. १८७१ च्या फर्मानाने कागदोपत्री समान ठरूनही अस्पृश्यवत् जिणे कंठणाऱ्या बुराकुमिनांसाठी त्यांनी १९२१ मध्ये दोआइकाई ही संस्था काढली. पुढल्याच वर्षी त्या पीडितांच्या सुईहेईशा या स्वतःच्या संघटनेने वरिष्ठांच्या दयाबुद्धीचा जाहीर धिक्कार केला, आणि तो सर्वथा न्याय्य होता. सरदाराने केलेल्या सुधारणेची मर्यादा तिथेच उघड झाली.

१९२४ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात निवडून आले. परंतु १९२७ मध्ये वडिलांचा किताब त्यांच्याकडे येताच ती जागा सोडणे त्यांना क्रमप्राप्त झाले, कारण सरदार घराण्याच्या प्रमुखास त्या सभागृहाचे दार बंद होते. पंतप्रधान कोनोए यांच्या मंत्रिमंडळात ते कृषिमंत्री असताना १९३८ मध्ये जो शेतजमीनविषयक कायदा झाला, त्यान्वये जमीन विकली गेली तरी नव्या मालकास, केवळ दस्तनोंदणी नाही या सबबीवर, वहिवाटीतील कूळ हुसकता येईनासे झाले. खंडाचा दर मात्र त्या कायद्याने कमी केला नाही.

कुळांचे कल्याण सरकारी यंत्रणेच्या हातूनच साधेल, या विश्वासापायी, असे मला वाटते, १९४० मध्ये त्यांनी तैसेई योकुसानकाई या सरकारप्रणीत एकछत्री संघटनेचे सरचिटणीसपद पत्करले. सारे राजकीय पक्ष बरखास्त होऊन राष्ट्र एकाच छत्राखाली युद्धाकडे लोटले जात असताना केलेल्या या कृतीचे समर्थन होऊ शकत नाही. त्यांच्या आधीच्या सत्कार्याने तिचा दोष पुसला जात नाही. १९४१ मध्ये त्यांनी ते पद सोडले. युद्धानंतर ते सुगामो तुरुंगात काही महिने होते व खटल्याविना सुटले. अखेरच्या काळात ते अश्वशर्यतींच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९५७ मध्ये ते निवर्तले, आणि नाकायामा येथील मोठ्या शर्यतीस त्यांचे नाव देण्यात आले.

जपानी कुळांना जमीन मिळाली ती मात्र युद्धोत्तर जमीनसुधारणेने; आणि त्या सुधारणेचा पहिला मसुदा १९३८ च्या त्याच कायद्यात दुरुस्ती करून तयार झाला होता.