चौदा लिटर चुरमुरे

नाना पेठेतल्या एका गाळ्यासमोर भर दुपारी मिस्त्री माझ्या वूफरच्या खोक्यात लिटरच्या मापाने चुरमुरे ओतत होते. वूफर काढून बाजूला ठेवलेला, खोक्याचं भोक आभाळाकडे. येणारेजाणारे थांबून बघत होते. बारा, तेरा, चौदा... आणि खोका काठोकाठ भरला.

"मॅग्नेटचे दोन गेले की बारा उरतात साहेब. याला सव्वीस लागतात. निम्मेसुद्धा नाहीत!"

सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून मी १० इंची वूफर घेतला, त्यासोबत तयार खोकाही. काळं कार्पेट चढवलेला, देखणा, डिक्कीच्या कोपऱ्यात गुपचूप मावणारा. घरी येताना झाकीर हुसेन यांचं एकल वादन लावलं. डग्ग्यावर तळहात सरकतो तेव्हा घुमारा खालून वर चढत जातो. इथे तो चढलाच नाही. डग्गा असो, ढोलकी असो, बेस गिटार असो, सगळ्यांचा एकच "धप्". अँप्लिफायर कमी पडतोय असं वाटून तो बदलला. धप् मोठा झाला, एवढंच.

वूफरच्या पुठ्ठ्याच्या डब्यात एक घडी घातलेला कागद असतो. तो मी उघडलाच नव्हता. मिस्त्रींनी पहिला तोच मागितला. त्यातले तीन आकडे कामाचे. मोकळा पडदा सेकंदाला किती वेळा सहज झुलतो: माझा ३२ वेळा. ते झुलणं किती आवरतं धरलं जातं: ०.४८. आणि पडद्याच्या लवचीकपणाला किती हवेची जोड बरोबरीची ठरते: ३० लिटर. हे गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं. आजही जगभर वूफर याच आकड्यांनिशी विकले जातात.

बंद खोक्यातली हवा ही स्प्रिंग असते. खोका लहान, तर स्प्रिंग कडक. माझ्या बारा लिटरांत पडद्याचा सहज झोका ३२ वरून ६० हर्ट्झवर चढला होता आणि त्याच्या वरच्या सुरांत उंचवटा आला होता. खोक्यात बसवल्यावर तो आवरण्याचा आकडा ०.७ च्या आसपास राहिला तर आवाज सपाट उतरतो, माझा ०.९ निघाला. सव्वीस लिटर दिले की तो ०.७ वर येतो आणि झोका ४७ वर. मोठा खोका म्हणजे जास्त बेस, असंही नाही. पंचेचाळीस लिटर दिले तर स्प्रिंग सैल पडते, पडदा जास्त हलतो आणि वूफर कमी ताकद सोसतो. मापाचा मालक वूफर आहे, आपली हौस नव्हे, डिक्कीतली उरलेली जागाही नव्हे. तंबोऱ्याचा भोपळा तरी कुठे कोणी शेल्फात बसेल असा निवडतो?

भाच्याचं म्हणणं, खोक्याला पोर्ट, म्हणजे हवेची उघडी नळी, ठेवा. पोर्टचा खोका म्हणजे घागरीच्या तोंडावर घातलेली फुंकर: ठरावीक सुराला दणदणीत, पण त्या सुराच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही. शिवाय जागा साधारण दुप्पट खातो. आणि गाडीत एक फुकटची मदत असते. साधारण ६० हर्ट्झच्या खाली केबिनच्या बंद हवेवर दाब चढत जातो. बंद खोका जिथे उतरायला लागतो तिथे गाडी त्याला उचलून धरते. म्हणून मी बंद खोक्याच्या बाजूचा. भाचा अजून रुसलेला आहे.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचं एमडीएफ कापून आणलं. मागच्या सीटची पाठ तिरकी, म्हणून खोकाही पाठीला तिरका. आतून रुंदी ४० सेंटिमीटर, उंची ३३, खोली खाली २५ आणि वर साडेसतरा. सरासरी धरून २८ लिटर; मॅग्नेटचे दोन वजा. हीच मापं बाहेरून धरली असती तर दोन्ही बाजूंच्या जाडीने आत १९ लिटरही उरले नसते. तयार खोक्यांवर लिहिलेलं माप आतलं की बाहेरचं, हे कोणी सांगत नाही. सांध्यांना फेव्हिकॉल, स्क्रू, मग आतून सिलिकॉन. पडदा हलकेच दाबून, जरा धरून सोडला की तो सावकाश परत यायला हवा. चटकन उसळला तर कुठेतरी हवा गळते आहे.

तोंड कुठे करायचं, याला मात्र सूत्र नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, गाडी चार मीटरची. तोंडाच्या दिशेचं तिला काय कौतुक! प्रश्न असतो पडदा डिक्कीच्या मागच्या पत्र्यापासून किती लांब आहे, याचा. पत्र्यावर आपटून परतलेली लाट मूळ लाटेला कुठेतरी खाऊन टाकते. सीटकडे तोंड केलं तेव्हा पडदा पत्र्यापासून मीटरभर लांब होता. खड्डा ८५ हर्ट्झच्या आसपास पडला आणि ढोलकी बसकी वाटली. मागे तोंड करून खोका सीटला टेकवला तेव्हा अंतर पाऊण मीटर झालं आणि खड्डा ११५ च्या आसपास सरकला. मी वूफरला ८० च्या वर बोलूच देत नाही, त्यामुळे तो खड्डा माझ्या वाटेला येत नाही. दर वेळी प्लस-मायनसच्या वायरी उलटूनही ऐकलं. फुकटची चाचणी आहे ही, पण दोनदा तरी तिनेच जास्त फरक दाखवला.

वर तोंड करायला मी घाबरत होतो. पडदा स्वतःच्या वजनाने खचेल की काय! मिस्त्रींनी हिशेब करून दाखवला: पाव मिलिमीटर. खरी भीती वरून आदळणाऱ्या बॅगेची. मिस्त्रींच्या गाळ्यासमोर रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या टॅक्सीत सीएनजीची टाकी होती. तिथे निवड सरळच: टाकीचा व्हॉल्व्ह हाताशी मोकळा राहील, तिथेच खोका.

आता डग्ग्याचा घुमारा चढतो. नंबर प्लेट थरथरत होती, तिच्यामागे फेल्टची पट्टी चिकटवली. जोरात ब्रेक लागला तर खोका सुटू नये म्हणून तो दोन पट्ट्यांनी आवळून ठेवला आहे. एक अडचण राहिलीच: पंक्चर झालं की स्टेपनी काढण्याआधी हे चौदा किलोचं धूड उचलून रस्त्याकडेला ठेवावं लागतं.