घरचा राउटर : घेण्याआधी दोन गोष्टी तपासा

जुम्म्याच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या घरी फोनभोवती गर्दी होते. कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथली जुम्म्याची नमाज आटोपली की भाईजान अम्मींना व्हिडिओ कॉल लावतात. मात्र अम्मींची खोली मागच्या बाजूला, आणि फायबरचा डबा पुढच्या पडवीत, कारण केबलवाल्याने वायर तिथूनच आत घेतली. मध्ये जांभ्या दगडाच्या दोन जाड भिंती. भाईजानचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा, आणि अम्मी म्हणायच्या, "नेट गेलं वाटतं, ठेव बाबा."

आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने चार अँटेनांचा राउटर पुढे केला. २८०० रुपये मोजले आणि घरी आणून जुन्या डब्याशेजारी, लोखंडी कपाटावर ठेवला. मागच्या खोलीत काडीचाही फरक पडला नाही. अँटेना चार म्हणजे पल्ला चौपट होत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं; लहरींच्या ताकदीला सरकारी मर्यादा असते.

मग घरातल्या अकरावीच्या मुलाने जे केलं, ते खरेदीआधी करायला हवं होतं. राउटरजवळ उभं राहून त्याने फोनवर वेग मोजला, मग मागच्या खोलीत मोजला. जवळ पूर्ण वेग आणि लांब काहीच नाही, तर दोष भिंतींचा आणि जागेचा. राउटरच्या शेजारीही वेग कमी येत असेल, तर आधी वायरने लॅपटॉप जोडून बघावं. तिथेही कमीच आला तर केबलवाल्याकडे तक्रार करावी. नवा राउटर घेऊन ते दुखणं जायचं नाही.

आमचं दुखणं भिंतींचं होतं. २० मीटर लॅन केबल आणली (ही १०० मीटरपर्यंत चालते), छपराखालून माजघरात ओढली आणि नवा राउटर तिथे उंचावर, 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीने लावला. वाहिनीचा वेग तोच, जागा मात्र घराच्या मध्यावर. या कामाला निम्म्या किमतीचा राउटरही पुरला असता. इस्राफ झाला, कबूल करतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. 'एन ३००' म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ. भिंती ओलांडायला ही लहर चांगली, पण फ्लॅटमध्ये शेजारपाजारच्या सगळ्यांची हीच असल्याने गर्दी होते. 'एसी १२००' म्हणजे दोन पट्टे, ३०० आणि ८६७ मिळून. ८६७चा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान, पण भिंतीपाशी दमतो. हे आकडे कागदावरचे, हातात बरेच कमी येतात. साध्या घराला दोन पट्ट्यांचा स्वस्त राउटर पुरे. एक गोष्ट मात्र दुकानात हमखास सांगत नाहीत: स्वस्त 'एसी १२००'चे वायर लावायचे पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात. तुमचा प्लॅन ४० किंवा १०० चा असेल तर बिघडत नाही. २०० चा असेल तर 'गिगाबिट' पोर्ट आहेत का ते विचारा, नाहीतर महिन्याला ज्याचे पैसे भरता ते घरात पोहोचणारच नाही. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, म्हणून केवळ कॉलसाठी मोठा प्लॅन घेण्याची गरज नाही.

रिपीटर स्वस्त मिळतो, पण एकाच पट्ट्यावर चालणारा असेल तर वेग जवळपास निम्मा करतो. केबल ओढणं शक्यच नसेल तेव्हाच घ्यावा.

शेजारच्या मुलीला परीक्षेच्या दिवसांत नेट हवं होतं. नाही म्हणवेना, पण कनेक्शन आपल्या नावावर असतं. म्हणून 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून वेगळा पासवर्ड दिला. तळाच्या स्टिकरवरचा पासवर्ड आम्ही पहिल्याच दिवशी बदलला, सेटिंगच्या पानाचा सुद्धा. मुलांच्या फोनसाठी वेळही तिथूनच बांधता येते. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी त्यांचं नेट आम्ही बंद ठेवतो, कुरकुर होते.

वीज गेली की डबा आणि राउटर दोन्ही झोपतात. छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका. आमच्याकडे अजून घ्यायचा आहे. गेल्या जुम्म्याला बरोबर तीन वाजता लाईट गेली.