लिनक्स लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडला, पण चित्रच येत नाही : काय तपासावं?



23 ऑगस्ट 2023, बुधवार. चांद्रयान-3 संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रावर उतरणार होतं. इस्रोचं थेट प्रक्षेपण 5.20 ला सुरू झालं. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मोठ्या वर्गात सतरंजीवर पोरं बसलेली, मागे पालक, दाराशी दोन-तीन आजीबाई. खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला. आणि भिंतीवर निळा चौकोन, त्यात दोनच शब्द : नो सिग्नल.

लॅपटॉप नवीनच मिळाला होता. म्हणजे शाळेसाठी नवीन. एका माजी विद्यार्थ्याने स्वतःचा जुना लॅपटॉप शाळेला दिला. त्यात विंडोज इतकं रडत चालायचं की आम्ही ते काढून लिनक्स मिंट टाकलं. लॅपटॉप एकदम हलका झाला. फक्त प्रोजेक्टरला जोडून बघायचं राहून गेलं, ही चूक माझी. मागून एका आजींनी विचारलं, "काय व्हयनं, मास्तर?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे हा प्रश्न घराघरात नसला तरी शाळाशाळांत आहे. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली. धुळे जिल्ह्यात तर मूळचे धुळ्याचे, पण अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव सभा घेत फिरले आणि लोकवर्गणीतून वर्गांत प्रोजेक्टर, स्क्रीन आले. त्या वेळच्या प्रोजेक्टरांना व्हीजीए केबल असायची, ती भिंतीतून, पट्टीतून छतापर्यंत गेलेली. आजच्या लॅपटॉपला व्हीजीए नाहीच. निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात, आणि दोष मात्र लिनक्सला मिळतो.

आधी एकच प्रश्न : लॅपटॉपला प्रोजेक्टर दिसतोय का?

चित्र आलं नाही की आपण सगळी बटणं दाबत सुटतो. तसं करू नका. आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवा : केबलच्या बाजूला की सॉफ्टवेअरच्या. लिनक्समध्ये हे ठरवणं फार सोपं आहे, आणि मला तरी ही त्याची सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

फाइल मॅनेजर उघडा. 'फाइल सिस्टम' (उबुंटूच्या काही आवृत्त्यांत 'अदर लोकेशन्स'मधून कॉम्प्युटर) वर जा. तिथे 'सिस' नावाचं फोल्डर आहे, त्याचं स्पेलिंग एस-वाय-एस. त्यात 'क्लास', त्यात 'डीआरएम'. इथे लॅपटॉपच्या प्रत्येक चित्र-सॉकेटचं एकेक फोल्डर दिसेल. नावात 'ईडीपी' असेल तो लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. 'एचडीएमआय', 'व्हीजीए' किंवा 'डीपी' असेल ते बाहेरचे. एचडीएमआयच्या फोल्डरमध्ये 'स्टेटस' नावाची फाइल उघडा. आत एकच शब्द असतो : 'कनेक्टेड' किंवा 'डिसकनेक्टेड'.

केबल लावलेली, प्रोजेक्टर चालू, आणि तरी 'डिसकनेक्टेड'? मग बहुतेक वेळा केबल, कन्व्हर्टर, सॉकेट नाहीतर प्रोजेक्टर यांच्यात गडबड आहे. सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही. 'कनेक्टेड' आहे पण चित्र नाही? मग केबलला हात लावू नका, सेटिंग आणि ड्रायव्हर बघा.

फोल्डरं शोधायची नसतील तर टर्मिनलमध्ये एक्स-आर-ए-एन-डी-आर ही सहा अक्षरं सलग, लहान लिपीत टाइप करून एंटर दाबा. तीच यादी येते. पण उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत 'वेलँड' नावाची पद्धत चालते, तिथे ही आज्ञा सॉकेटचं खरं नाव न सांगता एक्सवेलँड असं काहीतरी दाखवू शकते. स्टेटस फाइल मात्र दोन्हीकडे चालते, म्हणून माझा भर तिच्यावर.

त्या संध्याकाळी माझ्या फाइलमध्ये 'डिसकनेक्टेड' होतं. 5.35 झाले होते.

कन्व्हर्टरची दिशा

लॅपटॉपला एचडीएमआय आणि छतावरून आलेली केबल व्हीजीए, म्हणून मी बाजारातून एक छोटी डबी आणली होती. एका बाजूला एचडीएमआयची खोबण, दुसऱ्या बाजूला व्हीजीएची. दोन्ही केबली घट्ट बसल्या, डबीवरचा दिवासुद्धा लागला. मग चित्र का नाही?

कारण ती डबी उलट्या दिशेची होती. व्हीजीएचा सिग्नल ॲनालॉग असतो, म्हणजे कमी-जास्त होणारा विजेचा दाब. एचडीएमआयचा डिजिटल, म्हणजे शून्य आणि एकची भाषा. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला डबीच्या आत चिप असते, आणि ती चिप एकाच दिशेने काम करते. माझ्या डबीवर बारीक अक्षरात व्हीजीएजवळ 'इन' आणि एचडीएमआयजवळ 'आउट' लिहिलेलं होतं. जुन्या कॉम्प्युटरला नवा टीव्ही जोडायची ती डबी. आपल्याला नवा लॅपटॉप आणि जुना प्रोजेक्टर जोडायचाय, म्हणजे बरोबर उलट. दुकानदाराची यात चूक नाही. मी "व्हीजीए टू एचडीएमआय द्या" असंच मागितलं होतं.

धुळ्यात आग्रा रोडला किंवा जळगावात गोलाणी मार्केटमध्ये गेलात तर असं मागा : "लॅपटॉपला एचडीएमआय आहे, प्रोजेक्टरला व्हीजीए आहे, लॅपटॉपमधून प्रोजेक्टरवर न्यायचंय." नावापेक्षा काम सांगितलेलं बरं. आणि आवाजासाठी वेगळं छिद्र असलेला कन्व्हर्टर घ्या, कारण व्हीजीएमधून आवाज जातच नाही.

योग्य दिशेचा कन्व्हर्टर असूनही चित्र येऊन-जाऊन करत असेल तर त्याला वीज कमी पडत असते. एचडीएमआयच्या सॉकेटमधून मिळणारी वीज थोडी असते. काही कन्व्हर्टरांना बाजूला मोबाइल चार्जरसारखं छिद्र दिलेलं असतं, ते शोभेचं नाही. तिथे वायर लावून दुसरं टोक लॅपटॉपच्या यूएसबीत टाका.

टाइप-सीचंही असंच फसवं. भोक सारखं दिसतं म्हणून प्रत्येक टाइप-सीमधून चित्र निघत नाही. काही सॉकेट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. लॅपटॉपच्या कंपनीच्या माहितीत त्या सॉकेटसाठी 'डिस्प्लेपोर्ट' लिहिलंय का ते आधी बघा. केबलही तशीच हवी, मोबाइलची चार्जिंग केबल चालत नाही.

मग आम्ही काय केलं?

प्रोजेक्टरच्या पाठीमागे एचडीएमआयचं सॉकेट होतं, पण केबल होती दीड मीटरची. दोन बाकं एकावर एक ठेवली, त्यावर टेबल, त्यावर लॅपटॉप. आठवीची दोन पोरं बाकं धरून उभी. (हे सुरक्षित नाही, पुन्हा करणार नाही.) केबल थेट लावली. स्टेटस फाइल पुन्हा उघडली : 'कनेक्टेड'. पण भिंतीवर नो सिग्नलच! कारण प्रोजेक्टर अजून व्हीजीएच्या सॉकेटकडेच बघत होता. रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबून एचडीएमआय निवडल्यावर भिंतीवर चित्र आलं. कसलं चित्र, तर नुसतं वॉलपेपर! त्यावर ना आयकॉन ना व्हिडिओ.

हे बघून अनेक जण परत केबल काढतात. गरज नसते. लिनक्स दुसरा पडदा दिसला की बहुतेक वेळा त्याला 'जोड' पडदा समजतं, म्हणजे टेबलाला दुसरं टेबल जोडावं तसं. व्हिडिओ पहिल्या टेबलावर, आपण बघतोय दुसऱ्याकडे. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण (लिनक्समध्ये त्याला 'सुपर' म्हणतात) धरून पी दाबा. पर्याय फिरतात : दोन्हीकडे सारखं चित्र म्हणजे 'मिरर', जोड पडदा, फक्त बाहेरचा, फक्त लॅपटॉपचा. वर्गात मिरर सोयीचं. सेटिंगमधल्या 'डिस्प्ले'मध्येही हेच मिळतं.

चित्र आलं, आवाज नाही. सेटिंगमध्ये 'साउंड', तिथे 'आउटपुट'. एचडीएमआय निवडलेलं असेल तर आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून येतो, आणि हेडफोन-स्पीकर निवडलं की लॅपटॉपला लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून. 5.50 ला सगळं जुळलं. यान खाली यायला सुरुवात झालेलीच होती.

'कनेक्टेड' आहे, तरी चित्र नाही किंवा विचित्र आहे

नंतर आजूबाजूच्या शाळांतल्या सहकाऱ्यांनी आपापले लॅपटॉप दाखवायला आणले, त्यातून पुढचं कळत गेलं.

एक मॅडम म्हणाल्या, चित्र येतं पण पुसट आणि चेपलेलं. यामागे एक छान गोष्ट आहे. केबल जोडली की प्रोजेक्टर किंवा मॉनिटर लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो : माझं नाव हे, मला इतक्या बाय इतक्या ठिपक्यांचं चित्र चालतं. या ओळखपत्राला 'ईडीआयडी' म्हणतात, आणि त्याचा मूळ भाग अवघा 128 बाइटचा असतो. म्हणजे दोन-तीन ओळींच्या मजकुराएवढा. व्हीजीए केबलच्या 15 पिनांपैकी 12 आणि 15 नंबरच्या पिना हे ओळखपत्र आणतात. स्वस्त लांब केबलीत किंवा एकाचे दोन करणाऱ्या स्प्लिटरमध्ये नेमक्या या तारा नसतात. मग लॅपटॉप अंदाजाने सगळ्यांना चालेल असं 1024 बाय 768 चं चित्र पाठवतो. मॉनिटर मोठा असेल तर ते ताणलं जातं. केबल बदलणं हाच खरा उपाय. पिना मोजताना घाबरू नका, 9 नंबरची पिन अनेक चांगल्या केबलींतही मुद्दाम दिलेली नसते. वाकलेली पिन मात्र दोषच.

केबल चांगली असूनही मिरर केल्यावर चित्र चेपत असेल, तर कारण वेगळं. लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 चा, शाळेतला प्रोजेक्टर बहुधा 1024 बाय 768 चा. दोघांना चालेल असा एकच आकार निवडावा लागतो. अशा वेळी 'फक्त बाहेरचा पडदा' निवडा, प्रोजेक्टरला त्याचं स्वतःचं माप मिळतं.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर लिनक्समध्ये शोधू नका. तो टीव्हीचा स्वभाव आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावा.

दुसऱ्या एका सरांचा लॅपटॉप जरा भारी, त्यात एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक कार्ड. अशा काही लॅपटॉपांत एचडीएमआयचं सॉकेट त्या कार्डालाच जोडलेलं असतं. कार्डाचा ड्रायव्हर नसेल किंवा वीज वाचवायला कार्ड बंद केलेलं असेल, तर सॉकेट मेल्यासारखं वागतं. स्टेटसच्या यादीत एचडीएमआयचं नावच येत नाही. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका. मध्येच पासवर्ड बनवायला सांगितलं तर तो लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. तिथे घाईत पुढे गेलात तर सिक्युअर बूट ड्रायव्हरला आत येऊ देत नाही.

आणि एक लपलेलं कारण. लिनक्स टाकताना पडदा काळा पडला म्हणून कुणी 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडला असेल, तर सुरू होण्याच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द राहून जाऊ शकतो. तो असेपर्यंत खरा ग्राफिक ड्रायव्हर कामाला लागत नाही आणि बाहेरचा पडदा ओळखला जात नाही. ईटीसी फोल्डरातल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल असते. त्यातून फक्त तो शब्द काढायचा, मग टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवून रीस्टार्ट. याच्या आधी फाइलची एक प्रत ठेवा. टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून मोफत आहेत. मी तिथूनच शिकलो.

अर्थिंग

हे कुठल्याच लिनक्सच्या पानावर मिळणार नाही, पण खान्देशात महत्त्वाचं आहे. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात का? मग बहुधा अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, प्रोजेक्टर दुसऱ्या बोर्डावर, आणि अर्थिंग नसताना चालू स्थितीत केबल खुपसली, तर दोघांमधला विजेचा फरक त्या नाजूक पिनांतून वाहतो. एचडीएमआयचं सॉकेट असं जळू शकतं. आणि जळालेलं सॉकेट कायमचं 'डिसकनेक्टेड'.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा अर्थिंगचा खड्डा सुकून जातो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, हे शिपाईकाकांना सांगून ठेवा. दोन्ही उपकरणं एकाच तीन पिनांच्या बोर्डावर लावा. आधी केबल जोडा, मग प्रोजेक्टर चालू करा, मग लॅपटॉपचा चार्जर लावा.

6 वाजून 4 मिनिटांनी टाळ्या झाल्या तेव्हा बाकं धरलेल्या दोन पोरांनीही टाळ्या वाजवल्या, आणि लॅपटॉप मी धरला. योग्य दिशेचा कन्व्हर्टर पुढच्या रविवारी आणला. तो आता कपाटात पहिल्या कप्प्यात असतो, त्यावर मार्करने लिहिलंय : लॅपटॉपकडून प्रोजेक्टरकडे.